चॅटबॉटमधले प्रोग्रेस मेसेज

चॅटबॉटला सांगितलेलं काम व्हायला वेळ लागणार असेल तर मधल्या वेळात तो "चालू आहे, थांबा" असं जे कळवत राहतो त्याला प्रोग्रेस मेसेज म्हणतात. हे आपोआप येत नाहीत. पहिला मेसेज किती सेकंदांनी जायचा, पुढचा कधी, मजकूर काय आणि थांबायचं कधी, हे सगळं कोडमध्ये लिहावं लागतं.

माणूस किती दम धरतो याचे, सॉफ्टवेअर वापरायला सोपं कसं करायचं याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये दिलेले आकडे आजही वापरात आहेत. १ सेकंदापर्यंत विचार तुटत नाही, १० सेकंदांच्या पुढं मात्र लक्ष दुसरीकडं जातं.

निपाणीकडच्या एका दूध संस्थेसाठी आम्ही टेलिग्रामवर बॉट केलेला, "बिल" असं टाईप केलं की दहा दिवसांचं लिटर, फॅट सगळं मांडून पीडीएफ यायची. ती बनायला ४० सेकंद लागायचे आणि तोवर बॉट एकदम गप्प, मग लोक परत "बिल" टाकायचे, परत टाकायचे, दर वेळी नवं काम रांगेत लागायचं आणि ४० सेकंदांची दोन मिनिटं व्हायची. म्हणजे मेसेज नसल्यामुळं सर्व्हरवरचा लोडच वाढत होता. त्यामुळं आधी पोच द्यायची आणि त्याच माणसाचं तेच काम चालू असेल तर दुसरं सुरूच करायचं नाही, या दोन गोष्टी जोडीनंच कराव्या लागतात.

प्रत्येक ॲपचे नियम वेगळे. टेलिग्रामवर "टायपिंग" ही खूण जास्तीत जास्त ५ सेकंद टिकते, म्हणून ४-४ सेकंदांनी परत पाठवायची. व्हॉट्सॲपच्या बिझनेस एपीआयमध्ये (म्हणजे बॉट ज्या सोयीतून व्हॉट्सॲपला जोडतात तिच्यात) ती २५ सेकंदांनी नाहीशी होते. स्लॅक आणि डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर बॉटला कमांड दिली की ३ सेकंदांत काहीतरी उत्तर गेलंच पाहिजे, नाहीतर कमांड फेल दिसते, डिस्कॉर्डवर तेवढ्यात नुसती पोच दिली तर खरं उत्तर द्यायला १५ मिनिटं मिळतात. जिथं एडिट चालतं तिथं दर वेळी नवा मेसेज न टाकता एकच मेसेज बदलत न्यावा, चॅट भरून जात नाही. फक्त टेलिग्रामवर तोच मजकूर परत एडिट केला तर "बदल नाही" म्हणून एरर येतो, तेव्हा "१० पैकी ४ दिवस झाले" असा बदलता आकडा मजकुरात ठेवलेला बरा. आणि आकडा खरा असावा, नुसता टायमरवर पळवलेला टक्का ९९ वर अडकला की पुढं कोणी विश्वास ठेवत नाही.

सीमाभागात खरी मेहनत मजकुरावर आहे. आमचा पहिला मेसेज होता "आपली विनंती प्रक्रियेत आहे". तो वाचून एक काका थेट संस्थेत आले, "माझं बिल अडवलंय काय ओ?" म्हणून. ऑफिसात "प्रक्रियेत आहे" म्हणजे अडकलंय हेच इकडं सगळ्यांना माहीत. मग आम्ही "बिल काढायलोय, अर्धा मिनिट थांबा" असं केलं आणि ते प्रश्न बंद झाले. कन्नड बोलणाऱ्यांना "स्वल्प तडीरि" (जरा थांबा) हेच जवळचं वाटतं, अर्थात त्यांच्या लिपीत. म्हणून मजकूर कोडमध्ये कोंबायचा नाही, भाषेप्रमाणे वेगळ्या फायली करायच्या. भाषा फोनच्या सेटिंगवरून ओळखायला गेलं तर फसायला होतं कारण बेळगाव, खानापूरकडं मराठी काय नि कन्नड काय, कितीतरी जणांचा फोन इंग्रजीतच असतो. पहिल्याच वेळी विचारून घ्यायचं आणि ते साठवायचं.

सगळ्यात जास्त चुका शेवटी होतात. काम संपलं तरी मेसेज पाठवणारा टायमर चालूच राहिला तर बिल हातात आल्यावर खाली परत "बिल काढायलोय" येतं. पायथनमध्ये टायमर रद्द करायची ओळ फायनली (finally) ब्लॉकमध्ये, म्हणजे कोडच्या शेवटी हमखास चालणाऱ्या भागात ठेवली की काम झालं काय, फसलं काय, ती चालतेच. फसलं असेल तर तोच मेसेज बदलून "बिल निघालं नाही, परत बिल असं टाका" असं स्पष्ट लिहायचं.