ओबरत्सेलचे संत गेऑर्ग चर्च

जर्मनीच्या नैऋत्येस, बाडेन-वुर्टेंबेर्ग राज्यात, बोडेन सरोवरातील राइखेनाऊ बेटावर असलेले एक प्राचीन ग्रामचर्च. आल्प्सच्या उत्तरेकडील, इसवी सन 1000 पूर्वीच्या मोठ्या भित्तिचित्रांचा जवळजवळ सलग टिकलेला संच येथे पाहायला मिळतो. चर्चच्या कीर्तीचे मुख्य कारण तेच. बेटावर तीन जुन्या वस्त्या आहेत: पूर्वेला ओबरत्सेल, मध्यभागी मठाची मिटलत्सेल, पश्चिमेला नीडरत्सेल. प्रत्येकीचे स्वतःचे मध्ययुगीन चर्च आजही वापरात आहे. 1838 मध्ये बेट बांधाच्या रस्त्याने मुख्य भूमीशी जोडले गेले. त्या रस्त्याने येणाऱ्याला भाजीपाल्याच्या शेतांमधून सर्वांत आधी दिसतो तो याच चर्चचा बुटका चौकोनी मनोरा. संपूर्ण मठबेटाचा समावेश 2000 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

स्थापना : राइखेनाऊचा बेनेडिक्टीय (संत बेनेडिक्टच्या नियमांनुसार चालणारा) मठ पिर्मिन या फिरत्या बिशपने 724 मध्ये स्थापिला, असे परंपरा सांगते. संत गेऑर्ग चर्च त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी उभे राहिले. त्याचा संस्थापक मठाधिपती हाट्टो तिसरा (कारकीर्द 888–913). हाच 891 पासून माइन्त्सचा आर्चबिशप होता आणि तेथील क्रमाने तो ‘हाट्टो पहिला’ ठरतो. एकाच व्यक्तीला दोन क्रमांक असल्यामुळे जुन्या ग्रंथांत बराच घोटाळा झालेला आढळतो. ऱ्हाइन नदीतील ‘उंदरांच्या मनोऱ्या’ची (क्रूर आर्चबिशपला उंदरांनी खाल्ल्याची) आख्यायिका बहुधा माइन्त्सच्या नंतरच्या हाट्टो दुसऱ्याशी जोडली जाते, तिचा या चर्चशी संबंध लावू नये.

896 मध्ये पूर्व फ्रँकिश राजा आर्नुल्फचा रोममध्ये सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला, तेव्हा हाट्टो त्याच्याबरोबर होता. त्या वेळी पोप फोर्मोसूसकडून त्याला संत गेऑर्गचे अवशेष मिळाले आणि त्यांत शिराचा भागही होता, असे मानले जाते. हे अवशेष ठेवण्यासाठी चर्च बांधले, की आधीच सुरू असलेल्या बांधकामाला अवशेषांमुळे संत गेऑर्गचे नाव मिळाले, याविषयी मतभेद आहेत. तळघराची रचना अवशेषपूजेला इतकी नेमकी जुळते, की पहिला पर्याय अधिक संभवनीय वाटतो. बांधकामाचा आरंभ त्यामुळे साधारणपणे नवव्या शतकाच्या अगदी अखेरीस धरतात.

वास्तू : चर्च तीन दालनांच्या बासिलिका प्रकारचे आहे. मधले दालन उंच असून दोन्ही बाजूंना कमानींच्या ओळीपलीकडे ठेंगणी पार्श्वदालने आहेत. कमानी स्तंभांवर पेललेल्या आहेत. स्तंभशीर्षे अगदी साधी असून त्यांच्यावर कोरीवकामाऐवजी रंगकाम होते. पूर्वेकडील वेदीचा चौक मधल्या दालनापेक्षा बराच उंच आहे आणि तेथे पायऱ्या चढून जावे लागते, कारण त्याच्या खाली अर्धवट जमिनीवर आलेले तळघर आहे. एका अरुंद बोगद्यासारख्या वाटेने या तळघरात उतरतात. आत चार स्तंभांनी छत पेललेली छोटी चौरस खोली व तिच्यात वेदी आहे. गर्दीने जावे अशी ही जागा नाही. अवशेषांपुढे थोड्याच लोकांनी उभे राहावे या बेताने ती केलेली आहे. पश्चिमेला अर्धवर्तुळाकार भिंत आहे. तिच्यापुढे बहुधा अकराव्या शतकात प्रवेशमंडप जोडला गेला आणि त्याच्या वरच्या मजल्यावर संत मिखाएलचे प्रार्थनास्थान आले.

सर्व भाग एकाच आराखड्यातून उभे राहिले काय, हा प्रश्न अजून पूर्णपणे सुटलेला नाही. पूर्वेचा भाग व तळघर हाट्टोच्या काळाचे असण्याविषयी फारसा वाद नाही. काहींच्या मते मधले दालनही त्याच ओघात झाले, तर काहींच्या मते ते नंतर उभारले किंवा निदान बदलले गेले. चित्रांच्या कालनिर्णयासाठी हा मुद्दा कळीचा ठरतो.

भित्तिचित्रे : मधल्या दालनाच्या दोन्ही लांब भिंतींवर, कमानींच्या वर आणि खिडक्यांच्या खाली, प्रत्येकी चार अशी आठ मोठी चित्रे आहेत. प्रत्येकाची रुंदी सुमारे चार मीटर आणि उंची दोन मीटरांहून थोडी जास्त आहे. विषय एकच, तो म्हणजे ख्रिस्ताचे चमत्कार. उत्तरेकडच्या भिंतीवर गेरासा येथील भूतबाधा झालेला मनुष्य, जलोदराचा रोगी, सरोवरातील वादळ आणि जन्मांध हे चार प्रसंग येतात. दक्षिणेकडे कुष्ठरोगी, आणि नाईन गावचा तरुण, याईरची कन्या व लाझारस या मृतांना ख्रिस्ताने पुन्हा जिवंत केल्याचे प्रसंग आहेत. वरच्या पट्ट्यात, खिडक्यांच्या मधल्या जागेत, प्रेषितांच्या उभ्या आकृती होत्या. त्या आज बऱ्याच अस्पष्ट झाल्या आहेत. कमानींच्या मधल्या त्रिकोणी जागेत वर्तुळांत अर्धाकृती आहेत. चित्रांच्या पट्टीला वरून आणि खालून नागमोडी भूमितीय किनार असून तिचे वळसे खोलीचा आभास देतात. प्राचीन रोमन भिंतींवरच्या अलंकरणाची परंपरा त्यात दिसते. प्रत्येक प्रसंगाखाली लॅटिन पद्यात आशय लिहिलेला होता. त्या ओळी आता तुटक वाचता येतात.

कथनाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. वादळाच्या चित्रात एकाच नावेत ख्रिस्त दोनदा दिसतो: एकदा झोपलेला आणि एकदा वाऱ्याला दरडावणारा. याईरच्या चित्रात वाटेत वस्त्राला स्पर्श करणारी रक्तस्रावी स्त्री आणि घरातली मृत मुलगी हे दोन्ही चमत्कार एकाच चौकटीत आले आहेत. आकृतींच्या मागे निसर्ग नाही. गेरवट, हिरवा आणि निळा असे आडवे रंगपट्टे आहेत, आणि त्यांच्यावर ख्रिस्ताचा पुढे केलेला हात दुरूनही ठळक दिसतो. खालून, मंद प्रकाशात, चार-पाच मीटर अंतरावरून पाहणाऱ्यासाठी हे सारे योजलेले आहे. छायाचित्रांच्या पुस्तकात तो परिणाम येत नाही.

कालनिर्णयाचा वाद : चित्रांविषयीचा कोणताही समकालीन लेख उपलब्ध नाही. सुचवलेल्या तारखा त्यामुळे नवव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंत पसरलेल्या आहेत. बराच काळ रूढ असलेल्या मतानुसार ती मठाधिपती विटिगोवोच्या (985–997) काळात काढली गेली. त्याला दोन आधार दिले जातात. पहिला म्हणजे पुर्खार्ड या मठवासीयाने लिहिलेले विटिगोवोच्या कार्याचे लॅटिन काव्य. त्यात त्याच्या बांधकामांचे व सजावटीचे वर्णन आहे, पण त्याचा रोख मुख्यतः मिटलत्सेलकडे असल्याने ओबरत्सेलसाठी ते प्रत्यक्ष पुरावा ठरत नाही. दुसरा आधार शैलीचा. ट्रीअरचा आर्चबिशप एग्बेर्ट (977–993) याच्यासाठी तयार झालेल्या हस्तलिखितातील चमत्कारांची चित्रे रचनेत ओबरत्सेलशी अनेक ठिकाणी जुळतात आणि ते हस्तलिखित राइखेनाऊच्या चित्रशाळेशी जोडले जाते.

हा दुसरा आधार दिसतो तितका पक्का नाही. 1965 मध्ये दोन इंग्रज अभ्यासकांनी या चित्रशाळेशी जोडली जाणारी हस्तलिखिते राइखेनाऊवरच तयार झाली या गृहीतालाच आव्हान दिले. बहुसंख्य तज्ज्ञांनी त्यांचे म्हणणे पूर्णपणे स्वीकारले नाही, पण चर्चची तारीख हस्तलिखितांवरून आणि हस्तलिखितांचे स्थान चर्चवरून ठरवण्याच्या चक्राकार युक्तिवादाकडे त्यांनी लक्ष वेधले ते योग्यच होते. शिवाय पुस्तकातले चित्र व भिंतीवरचे चित्र दोन्ही एखाद्या समान जुन्या नमुन्यावरून घेतलेली असू शकतात. तसे असेल तर साम्यावरून केवळ नमुन्याचे वय कळते, भिंतीचे नाही.

नंतरच्या अभ्यासात भर गिलाव्याच्या थरांवर आला. प्रश्न साधा आहे: चित्राखालचा गिलावा भिंतीचा पहिला गिलावा आहे काय? तो पहिलाच असेल, तर चित्रे बांधकामापासून फार दूर नेता येत नाहीत. मग एक तर चित्रे मागे न्यावी लागतात, नाही तर दालनाची भिंत पुढे आणावी लागते. त्याखाली आणखी जुना थर असेल, तर मधल्या काळाला वाव राहतो. सरोवराच्या पलीकडच्या काठावरील, इबरलिंगनजवळच्या गोल्डबाखच्या छोट्या प्रार्थनागृहातही याच परंपरेतली चित्रे आहेत. तुलनेसाठी ती हस्तलिखितांपेक्षा जास्त उपयोगी आहेत, कारण तेथे भिंतीची तुलना भिंतीशी होते. आजच्या स्थितीत चित्रे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानणे सर्वांत कमी अडचणीचे दिसते. विशिष्ट मठाधिपतीचे नाव मात्र त्यांना जोडू नये.

तंत्र आणि झीज : या काळातील भित्तिचित्रे पूर्णपणे ओल्या गिलाव्यावर क्वचितच संपवली जात. आधी चुना-वाळूचा गिलावा चढवून घोटत आणि तो ओला असताना गेरू किंवा पिवळ्या मातीने आखणी करून मोठी रंगक्षेत्रे भरत. हे रंग चुन्याबरोबर पक्के बसत. पुढचे थर, म्हणजे वस्त्रांच्या चुण्या, चेहऱ्यावरचे उजेड, डोळ्यांच्या रेषा, गिलावा वाळत आल्यावर चुन्यात किंवा एखाद्या चिकट माध्यमात रंग कालवून दिले जात. हेच थर आधी गळतात. ओबरत्सेलमध्ये अनेक चेहरे आज सपाट, जवळजवळ कोरे दिसतात ते यामुळे. मूळ चित्रकाराचा हात तसा नव्हता. या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणून वाखाणणाऱ्या जुन्या लेखनात ही गोष्ट नजरेआड झालेली आहे.

पुढे कधीतरी चित्रांवर चुन्याचे हात दिले गेले. चुन्याने ती झाकली, काही अंशी जपलीही. पण चुना खरवडून काढताना वरचे नाजूक थर त्याच्याबरोबर निघतात. 1880 च्या सुमारास चित्रे उघडी करण्यात आली आणि 1884 मध्ये कलेतिहासकार फ्रान्त्स क्साव्हर क्राउस याने ती अभ्यासकांसमोर आणली. 1982 ते 1990 या काळात झालेल्या मोठ्या कामाचे धोरण संवर्धनाचे होते: सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा बसवणे आणि जे उरले आहे ते टिकवणे.

आजचा मुख्य शत्रू आर्द्रता आहे. जाड दगडी भिंती हिवाळ्याचा गारवा उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवतात. मे-जूनमध्ये दार उघडे राहिले, की बाहेरची उबदार दमट हवा आत येऊन थंड भिंतीवर ओल धरते. गर्दीच्या श्वासाने आणि ओल्या कपड्यांनी तीत भर पडते. ओल वाळताना गिलाव्यातले क्षार पृष्ठभागाकडे येतात, लोणा लागतो, क्षारांचे स्फटिक रंगाचा थर खालून उचलतात आणि पापुद्रे सुटतात. एकदाच्या ओलीपेक्षा ओल आणि कोरडेपणा यांचे वारंवार आलटूनपालटून येणे अधिक घातक असते. यामुळे मे ते सप्टेंबर या महिन्यांत पर्यटकांना फक्त मार्गदर्शकासह, ठरलेल्या वेळी आत सोडले जाते. थंडीच्या महिन्यांत ही अट नसते.

इतर चित्रे : प्रवेशमंडपाच्या वर, पश्चिमेच्या अर्धवर्तुळाकार भिंतीच्या बाहेरच्या अंगाला अंतिम न्यायनिवाड्याचे चित्र असून त्याखाली क्रूसारोहण आहे. ते सर्वसाधारणपणे दालनातील चित्रांनंतरचे समजतात. वेदीकडे जाणाऱ्या पायऱ्यांजवळ, उत्तरेकडे, चौदाव्या शतकातील एक वेगळेच चित्र आहे. चार सैतानांनी गाईचे कातडे ताणून धरले आहे आणि त्यावर चर्चमध्ये बसून गप्पा मारणाऱ्या बायकांची निरर्थक बडबड लिहून घेतली जात आहे. सोबतचा मजकूर लॅटिनमध्ये नाही, जर्मन पद्यात आहे आणि त्यात बडबडीसाठी ‘प्लाप्ला’ असा नादानुकारी शब्द येतो. तो गावकऱ्यांना उद्देशून लिहिला आहे, म्हणून गावाच्या धार्मिक जीवनाविषयी मठाच्या लॅटिन साधनांपेक्षा तो अधिक सांगतो.

उत्तरकाल : मठ 1540 मध्ये कॉन्स्टन्सच्या बिशपक्षेत्रात विलीन झाला आणि 1803 मधील धर्मसंस्थांच्या मालमत्ता-हस्तांतरात त्याचा पूर्ण शेवट झाला. चर्च आज फ्रायबुर्ग आर्चबिशपक्षेत्राच्या अखत्यारीत असून तेथे नियमित उपासना होते. संत गेऑर्गचा दिवस 23 एप्रिलला येतो. बेटाचे तीन मोठे उत्सव, म्हणजे संत मार्कचा, ख्रिस्ताच्या पवित्र रक्ताचा आणि मरियेच्या स्वर्गारोहणाचा, मिटलत्सेलच्या मुख्य चर्चमध्ये साजरे होतात.