साथीच्या काळातला संशोधन निधी: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात आणि गाडी कुठे अडते

मार्च २०२० मध्ये विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाने, म्हणजे सर्बने, कोविड-१९ आणि श्वसनमार्गाच्या तत्सम विषाणूजन्य आजारांवर खास प्रस्ताव मागवले. त्याच महिन्यात जैवतंत्रज्ञान विभाग आणि बायरॅक (जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणारी त्याच विभागाची कंपनी) यांनी निदान, लस आणि औषधांसाठी वेगळे आवाहन काढले. एरवी अर्ज ते मंजुरी यात महिनेच्या महिने जातात, तिथे मुदत दिवसांवर आली होती. आता सर्ब राहिलेले नाही. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३ मध्ये झाला, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला आणि सर्बचे काम एएनआरएफकडे गेले. नाव बदलले तरी अर्जदाराच्या तयारीचा गाभा तोच आहे.

तातडीच्या आवाहनात निधी देणारी संस्था आपली छाननी वेगाने करते, पण नैतिक समितीची किंवा जैवसुरक्षेची परवानगी माफ करत नाही. तिला ते करताही येत नाही, कारण या परवानग्या वेगळ्या कायद्यांतून आणि नियमांतून येतात. म्हणून प्रस्ताव चार रात्रींत लिहून होतो आणि परवानग्यांपाशी थांबतो.

आधी दार ओळखा

विद्यापीठ, महाविद्यालय किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत मूलभूत काम करायचे असेल, तर पूर्वी सर्ब आणि आता एएनआरएफ. कंपनीसाठी बायरॅक, तिथे किमान ५१ टक्के भागभांडवल भारतीयांकडे असल्याचा पुरावा लागतो. नवउद्योगांसाठी २०२० मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा ‘कवच’ हा कार्यक्रम होता. तो मुंबई आयआयटीच्या ‘साइन’ या नवउद्योग केंद्रामार्फत राबवला गेला आणि त्यात ५० लाख ते २ कोटी रुपयांपर्यंत मदत होती. ‘मिशन कोविड सुरक्षा’चे ९०० कोटी रुपये लसविकास पुढच्या टप्प्यांत नेण्यासाठी होते, कल्पना कागदावरच असलेल्या प्रयोगशाळेचे ते दार नव्हे. चुकीच्या दाराशी गेलेला उत्तम प्रस्तावही विषयाबाहेरचा ठरतो.

पात्रता

मुख्य संशोधक, म्हणजे पीआय, मान्यताप्राप्त संस्थेत नियमित पदावर हवा. तासिका तत्त्वावरच्या किंवा कंत्राटी प्राध्यापकाने पीआय म्हणून अर्ज करण्याआधी त्या आवाहनातली अट शब्दशः वाचावी. प्रकल्प संपण्याआधी पीआय निवृत्त होणार असेल, तर त्याच संस्थेतला को-पीआय, म्हणजे सहसंशोधक, सुरुवातीलाच घ्या.

अर्जासोबतचे कागद

प्रस्ताव, पीआय आणि को-पीआय यांचा बायोडेटा, संस्थाप्रमुखाच्या सहीशिक्क्याचे एन्डॉर्समेंट लेटर (संस्थेचे हमीपत्र), वाङ्मयचौर्य नसल्याचे हमीपत्र आणि उपकरणांची कोटेशन्स हा नेहमीचा संच. खासगी संस्थेला नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा नोंदणी क्रमांकही लागतो. एन्डॉर्समेंट लेटर ठरलेल्या नमुन्यातच द्या. प्राचार्यांनी आपल्या शैलीत लिहिलेल्या शिफारसपत्रात जागा, वीज, हिशेब आणि उपकरणांची जबाबदारी संस्था घेते, ही वाक्ये नसतात, आणि नेमकी तीच हवी असतात.

अंदाजपत्रक

‘केमिकल्स: ५ लाख’ असे लिहू नका. हिशेब उलगडून दाखवा. समजा ३०० नमुन्यांची आरटी-पीसीआर करायची आहे. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये ६ खाचा कंट्रोल्सना, म्हणजे चाचणी नीट चालली का हे तपासणाऱ्या नमुन्यांना, गेल्या की ९० उरतात. प्रत्येक नमुना दोनदा लावला तर एका प्लेटवर ४५ नमुने बसतात, म्हणजे ३०० नमुन्यांना ७ प्लेट्स. फसलेल्या चाचण्या पुन्हा करण्यासाठी एक जास्तीची धरून ८. प्रत्येक प्लेटला किती अभिकर्मक लागतो, त्याचा दर किती, हे पुढे मांडले की परीक्षकाला कात्री लावायला जागाच उरत नाही.

मनुष्यबळात घरभाडे भत्ता विसरला जातो. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्राचे, मानधन महिना ३७,००० रुपये आहे. वर्षाचे ४,४४,००० होतात. भत्ता २० टक्के धरला तर ५,३२,८००. हा ८८,८०० रुपयांचा फरक नंतर खर्चाच्या दुसऱ्या शीर्षातून भरून काढायचा म्हटले, तर बहुधा आधी निधी देणाऱ्या संस्थेची मंजुरी घ्यावी लागते.

खरी अडचण: परवानग्या

माणसांचे नमुने किंवा माहिती वापरणार असाल तर संस्थेची नैतिक समिती हवी, आणि ती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली हवी. समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि बैठकीला किमान ५ जणांचा कोरम लागतो. एप्रिल २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) साथीच्या काळासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि ऑनलाइन बैठकांना वाट मोकळी केली. पण ज्या महाविद्यालयात समितीच नव्हती, तिथे ऑनलाइन बैठक घ्यायची कोणाची? नोंदणी नसेल तर साथ नसतानाच ती करून घ्या. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआय या क्लिनिकल ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद सक्तीची आहे.

जनुकीय बदल केलेले काहीही हाताळायचे तर संस्थेची जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी. तिच्यात जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असावा लागतो, त्यामुळे ती एका दिवसात उभी राहत नाही. जिवंत सार्स-कोव्ह-२, म्हणजे कोविड-१९चा विषाणू, वाढवायचा तर बीएसएल-३ (जैवसुरक्षेच्या तिसऱ्या पातळीची) प्रयोगशाळाच हवी. निष्क्रिय केलेल्या नमुन्यांची आरटी-पीसीआर बीएसएल-२ मध्ये चालते. प्रस्तावात ‘विषाणू संवर्धन’ लिहिले आणि सुविधेच्या रकान्यात बीएसएल-२ दाखवले, तर परीक्षक तिथेच थांबतो. त्यावर दोन मार्ग आहेत: बीएसएल-३ असलेल्या संस्थेला सहभागी करून तिचे लेखी संमतीपत्र जोडा, किंवा स्यूडोव्हायरस, म्हणजे खऱ्या विषाणूचे बाहेरचे प्रथिन लावलेला, पण स्वतःची वाढ न करू शकणारा बनावट विषाणू वापरा. स्यूडोव्हायरसचे काम बीएसएल-२ मध्ये होते, पण तो रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुके जोडून बनवलेला, असल्याने आयबीएससीची मंजुरी त्यालाही लागतेच. परदेशी संस्थेबरोबर आरोग्यविषयक संशोधन असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा विचार पहिल्या दिवशीच करा.

मंजुरी अजून हातात नसेल तर ते लपवू नका. समितीकडे अर्ज दाखल केल्याची पोच जोडा आणि बैठकीची तारीख लिहा. आवाहनात मुभा असेल तर एवढ्यावर छाननी पुढे सरकते. प्रयोग मात्र मंजुरीनंतरच.

सँक्शन ऑर्डर (मंजुरीचा आदेश) आल्यावर

पैसा पीएफएमएस या केंद्र सरकारच्या ऑनलाइन निधी व्यवस्थेतून येतो. संस्थेची तिथली नोंदणी आणि बँक खात्यावरचे नाव यांत एका अक्षराचा जरी फरक असला, तरी हप्ता लटकतो, आणि वर्षभराच्या प्रकल्पात महिनाभराची ढकल फार महागात पडते. लेखा विभागाकडून हे जुळवणे अर्जाच्याच आठवड्यात करून घ्या.

आर्थिक वर्ष संपले की जीएफआर (सरकारचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातले युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे निधी वापराचा दाखला, आणि शीर्षनिहाय खर्चाचे विवरण द्यायचे. दोन्हींतले आकडे रुपयापर्यंत जुळले पाहिजेत. ऑर्डर दिली, पण पैसे चुकते केले नाहीत, अशी रक्कम खर्चात धरू नका. ती बांधील रक्कम म्हणून वेगळी दाखवा. अनुदानावर मिळालेले व्याज प्रकल्पाचे नसते. ते भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवरून सरकारजमा करून त्याची पावती सर्टिफिकेटला जोडावी लागते, आणि ती नसली की पुढचा हप्ता अडतो.