ग्राफिकल यूजर इंटरफेसमधील पालक-अपत्य घटक

पडद्यावरची खिडकी, तिच्यातले पॅनल, पॅनलवरचे बटण आणि बटणावरची अक्षरे हे सारे एकात एक बसवलेले घटक असतात. जो घटक दुसऱ्याला पोटात घेतो तो पालक, म्हणजे पॅरेंट. जो आत बसतो तो अपत्य, म्हणजे चाइल्ड. पालकाला कितीही अपत्ये चालतात, अपत्याला मात्र एका वेळी एकच पालक असतो. त्यामुळे सगळ्या इंटरफेसचे मिळून एक झाड होते आणि त्याच्या मुळाशी मुख्य खिडकी किंवा वेबपान असते. जावा भाषेच्या स्विंग या इंटरफेस-लायब्ररीत (तयार घटकांच्या संचात) एकच बटण आधी एका पॅनलमध्ये आणि मग दुसऱ्यात घातले तर कुठलीही चूक दाखवली जात नाही. बटण पहिल्या पॅनलमधून निमूटपणे निघून दुसऱ्यात जाऊन बसते. नवशिक्याला हा प्रकार हमखास चकवतो.

नाते एक दिसले तरी त्यात निदान पाच वेगळे करार गुंडाळलेले आहेत. जागा कोण देणार, चित्र कोणाच्या हद्दीत उमटणार, माऊस किंवा बोटाचा इव्हेंट, म्हणजे क्लिक किंवा स्पर्श झाल्याची खबर, आधी कोणाच्या हाती लागणार, माहिती कोणाच्या ताब्यात राहणार आणि पालक गेल्यावर अपत्याचे काय होणार. एरवी हे पाचही करार एकाच झाडावर चालतात, म्हणून ते वेगळे असल्याचे जाणवत नाही. त्यांची फारकत होते तिथे मात्र इंटरफेसमधले सर्वांत चिवट बग निघतात.

जागा आणि माप

अपत्याचे स्थान पालकाच्या कोपऱ्यापासून मोजतात. बहुतेक प्रणाली डावा-वरचा कोपरा धरतात; मॅकवरील ॲपकिट ही इंटरफेस-लायब्ररी मुळात डावा-खालचा धरते. पालक सरकला की आतले सगळे त्याच्याबरोबर सरकते आणि कोणाचेही आकडे बदलावे लागत नाहीत. इथवर सोपे आहे. माप ठरवायची वेळ आली की गुंता सुरू होतो, कारण अपत्याला किती जागा लागते हे पालकाला आधी हवे असते आणि पालक किती जागा देतो हे अपत्याला.

युनिक्ससारख्या संगणकांवरच्या एक्स विंडो प्रणालीवर चालणाऱ्या एक्सटी इंट्रिन्सिक्स या 1980च्या दशकातल्या टूलकिटने, म्हणजे इंटरफेस बांधायच्या साधनसंचाने, ही घासाघीस चक्क नियमांत लिहून ठेवली. तिथे अपत्य आपला आकार परस्पर बदलू शकत नाही. ते पालकाकडे विनंती करते. उत्तर ‘येस’, ‘नो’ किंवा ‘ऑलमोस्ट’ असे येते. ‘ऑलमोस्ट’ म्हणजे मागितले तेवढे नाही, पण एवढे देतो. अपत्याने लगेच तोच देऊ केलेला आकार मागितला तर पालकाला नकार देता येत नाही. ही अट नसती तर दोघांची बोलणी संपलीच नसती.

अलीकडच्या प्रणालींनी विनंत्यांचा हा व्याप कमी केला. फ्लटर या ॲप बांधायच्या साधनसंचात पालक किमान व कमाल मर्यादा खाली पाठवतो, अपत्य त्या मर्यादेत आपले माप ठरवून वर कळवते आणि ते कुठे बसणार हे पालक ठरवतो. सगळे साधारण एका फेरीत उरकते. याचा एक परिणाम पहिल्या दिवशीच गोंधळात टाकतो: 100 बाय 100 मापाचा कंटेनर, म्हणजे चौकटीसारखा घटक, थेट मुळाशी ठेवला तर तो अख्खा पडदा व्यापतो. मुळाकडून आलेली किमान आणि कमाल मर्यादा दोन्ही पडद्याएवढ्याच असतात, तेव्हा 100 ही मागणी मान्य व्हायला वावच उरत नाही. तोच कंटेनर मध्यभागी बसवणाऱ्या पालकाच्या आत घातला की 100 चा होतो, कारण तो पालक मर्यादा सैल करून देतो.

अँड्रॉइडमध्ये पालक तीन प्रकारे जागा सांगतो: बरोबर इतकी, जास्तीत जास्त इतकी, किंवा हवी तितकी. तिथल्या लिनियर लेआउटमध्ये, म्हणजे अपत्ये एका ओळीत मांडणाऱ्या पालकात, वेट (वाट्याचे प्रमाण) देऊन जागा वाटली तर एका अपत्याचे माप दोनदा घ्यावे लागू शकते. असे लेआउट एकात एक 5 पातळ्या घातले तर सर्वांत आतल्या घटकाचे माप 32 वेळा घेतले जाण्याची वेळ येऊ शकते. वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या सीएसएस भाषेत वेगळीच गंमत आहे. पालकाची उंची आतल्या मजकुरावर सोडलेली असताना अपत्याला 100 टक्के उंची दिली तर ती टक्केवारी सरळ दुर्लक्षिली जाते. कशाच्या 100 टक्के, हे पालकालाच अजून माहीत नसते.

चित्र आणि हद्द

पालक आधी रंगतो आणि अपत्ये त्याच्यावर. मायक्रोसॉफ्ट विंडोज आणि एक्स प्रणालीत अपत्य-खिडकीचा पालकाबाहेर गेलेला भाग कापलाच जातो. वेबवर आणि आयफोनच्या यूआयकिट या इंटरफेस-लायब्ररीत कापायचे की नाही ते प्रोग्रामर ठरवतो. इथे पहिली फारकत दिसते. यूआयकिटमध्ये बटणाच्या कोपऱ्यावर अर्धा बाहेर डोकावणारा गोल बिल्ला लावला तर तो पूर्ण दिसतो, पण बाहेरच्या अर्ध्या भागावर बोट टेकवले तर काही होत नाही. बोट कोणावर पडले याचा शोध खिडकीपासून खाली येतो. बिंदू पालकाच्या हद्दीत नसेल तर त्याच्या अपत्यांना कोणी विचारतच नाही.

काही गुण पालकाकडून खाली झिरपतात. पारदर्शकतेचा आकडा (1 म्हणजे पूर्ण अपारदर्शक) गुणला जातो: पालक 0.5 आणि अपत्य 0.5 असेल तर दिसते 0.25. क्यूटी या इंटरफेस-लायब्ररीत पालक निष्क्रिय केला की सगळी अपत्ये निष्क्रिय होतात. पुन्हा सक्रिय केल्यावर, मुद्दाम वेगळे बंद केलेले अपत्य मात्र बंदच राहते. वेबवर झेड-इंडेक्स, म्हणजे कोण कोणाच्या वर दिसणार हे ठरवणारा आकडा, 9999 देऊनही मेनू शेजारच्या घटकाखाली दबलेला पाहून अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. पालकाचा पारदर्शकतेचा आकडा 1 पेक्षा किंचित जरी कमी केली तरी त्याचा वेगळा थर बनतो, आणि आतल्या 9999 ची तुलना त्या थरापुरतीच होते. उपाय आकडा वाढवण्यात नसून पालकाकडे पाहण्यात असतो.

इव्हेंटचा प्रवास

बटण दाबले तर ती खबर बटणाची की ते ज्याच्या आत आहे त्या पॅनलची? 1997 साली नेटस्केप नॅव्हिगेटर 4 आणि इंटरनेट एक्सप्लोरर 4 या ब्राउझरांनी याला उलटसुलट उत्तरे दिली. नेटस्केपमध्ये इव्हेंट बाहेरून आत यायचा, एक्सप्लोररमध्ये आतून बाहेर जायचा. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने नोव्हेंबर 2000 मध्ये डॉम (ब्राउझरमधले वेबपानाच्या घटकांचे झाड) इव्हेंट्सचे मानक काढताना दोघांनाही सामावून घेतले. इव्हेंट आधी मुळापासून खाली उतरतो, त्याला कॅप्चर म्हणतात. मग लक्ष्य घटकापासून वर चढतो, ते बबलिंग. तडजोड म्हणून जन्मलेली ही रचना आजही टिकून आहे. विंडोजसाठी 2006 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीएफ या इंटरफेस-लायब्ररीतही अशाच दोन फेऱ्या आहेत.

बबलिंगचा फायदा म्हणजे हजार ओळींच्या यादीला हजार श्रोते, म्हणजे इव्हेंट आल्यावर चालणारे कोडचे तुकडे, जोडावे लागत नाहीत. यादीवर एकच जोडून कोणती ओळ दाबली ते पाहता येते. तोटा समजायला ईमेलची यादी घ्यावी. ओळ दाबली की पत्र उघडते आणि ओळीतच एक ‘काढून टाका’ बटण आहे. ते दाबताच पत्र काढले जाते आणि त्याच क्षणी उघडायलाही जाते, कारण क्लिक बटणावरून ओळीपर्यंत चढतो. मग प्रोग्रामर बटणातच इव्हेंट अडवून टाकतो. बग मिटतो आणि आठवड्याभरात दुसरी तक्रार येते: वरचा मेनू उघडा असताना हे बटण दाबले तर मेनू मिटत नाही. मेनू मिटवणारा श्रोता मुळाशी बसलेला असतो आणि त्याच्यापर्यंत क्लिक पोचतच नाही. इव्हेंट मध्येच मारण्यापेक्षा तो वर जाऊ द्यावा आणि क्लिक बटणावरून आला आहे का, हे ओळीने तपासावे. हाच मार्ग कमी त्रासाचा ठरतो.

स्पर्शाच्या पडद्यावर आणखी एक पेच आहे, कारण बोट टेकवताना वापरकर्त्याला दाबायचे आहे की सरकवायचे हे कोणालाच ठाऊक नसते. अँड्रॉइडमध्ये यादीतल्या बटणावर बोट टेकले की इव्हेंट बटणाला मिळतो आणि ते दाबलेले दिसू लागते. बोट साधारण 8 डीपीपेक्षा (डीपी हे पडद्यावरच्या अंतराचे अँड्रॉइडचे एकक) जास्त सरकले की यादी मध्ये पडते, पुढचे इव्हेंट स्वतःकडे घेते आणि बटणाला ‘रद्द’ असा निरोप पाठवते. बटणाचा रंग पूर्ववत होतो आणि क्लिक होत नाही. स्वतः अपत्य घटक लिहिणारे हा निरोप हाताळायला विसरतात आणि बटण दाबलेल्या रंगातच अडकून राहते. उलट, यादीत एखादा सरकता स्लायडर असेल तर त्यालाही पालकाला ‘मध्ये पडू नकोस’ असे सांगायची सोय आहे.

विंडोजची जुनी पद्धत याहून सरळ आहे. बटण दाबले की ते पालक-खिडकीला कमांड संदेश धाडते. त्यात बटणाचा क्रमांक, घडलेली क्रिया आणि बटणाचे हँडल, म्हणजे प्रणालीने दिलेली ओळखखूण, असते. काय करायचे ते पालकाने बघावे. यामुळे स्वतःचे काम स्वतः करणारे बटण लिहिणे अवघड झाले, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एमएफसीसारख्या लायब्ररींनी पालकाकडे आलेला संदेश अपत्याकडे परत पाठवण्याची सोय केली. जावाच्या पहिल्या आवृत्तीतही इव्हेंट पालकांच्या साखळीने वर जायचा. 1997 च्या जावा 1.1 पासून, ज्याला हवे त्याने श्रोता म्हणून नाव नोंदवावे, अशी पद्धत आली.

माहिती कोणाच्या ताब्यात

प्रवासाच्या अर्जात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखांचे घटक आहेत असे धरू. ‘पासून’ची तारीख ‘पर्यंत’च्या पुढे गेली तर काहीतरी करायला हवे. दोन्ही घटकांनी एकमेकांना ओळखायचे ठरवले तर ते दुसरीकडे वापरता येत नाहीत. म्हणून दोन्ही तारखा अर्जाकडे, म्हणजे समान पालकाकडे ठेवतात. अर्ज त्या खाली देतो; अपत्य तारीख बदलत नाही, ‘वापरकर्त्याने ही निवडली’ एवढेच वर कळवते. दुसरी तारीख पुढे ढकलायची, पुसायची की चूक दाखवायची, हे अर्ज ठरवतो. 2013 मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या रिॲक्ट या वेब-लायब्ररीने हीच शिस्त रूढ केली: प्रॉप्स (पालकाने दिलेल्या किमती) खाली, कॉलबॅक (पालकाला कळवणारी फंक्शने) वर. व्ह्यू या तशाच लायब्ररीत वर जाणाऱ्या निरोपाला इव्हेंट म्हणतात, अँग्युलरमध्ये आउटपुट, कल्पना तीच. त्याआधी अँग्युलरच्या जुन्या अवतारात, अँग्युलरजेएसमध्ये, दोन्ही बाजूंनी बदलणारी जोडणी लोकप्रिय होती. लिहायला ती झटपट होती, पण मोठ्या पानात किंमत नेमकी कोणी बदलली हे शोधताना दमछाक व्हायची.

या शिस्तीला पळवाटा आहेतच. पालकाकडून आलेली किंमत अपत्य सुरुवातीला स्वतःच्या स्थितीत, म्हणजे स्वतःजवळ जपलेल्या माहितीत, उतरवून घेते आणि पुढे तीच दाखवत राहते. पालकाची किंमत बदलली तरी पडद्यावर जुनीच. व्ह्यूमध्ये प्रॉप थेट बदलला तर इशारा मिळतो, पण प्रॉप म्हणून आलेल्या ऑब्जेक्टच्या आतला तपशील बदलला तर तो चुपचाप बदलतो. दुसरीकडे, खोलवरच्या एका घटकाला माहिती हवी म्हणून मधल्या चार-पाच घटकांनी ती नुसती पुढे सरकवत राहणे कंटाळवाणे असते. त्यावर रिॲक्ट 16.3 मध्ये, मार्च 2018 ला, मधल्यांना वगळून माहिती थेट खोलवर पोचवणारे नवे कॉन्टेक्स्ट आले. सोयीचे असले तरी त्यामुळे अपत्य कोणत्या पालकावर अवलंबून आहे हे कोड वाचून दिसत नाही. दोन-तीन पातळ्यांसाठी हाताने पुढे देणेच बरे.

आयुष्य

पालक नष्ट झाला की अपत्येही नष्ट होतात, हा जवळपास सगळीकडचा नियम आहे. विंडोजमध्ये नष्ट होण्याचा संदेश आधी पालकाला आणि मग अपत्यांना मिळतो. त्यामुळे आवरासावर करताना पालक अपत्यांना शेवटचे विचारू शकतो, ती तेव्हा जिवंतच असतात. सी++ मध्ये लिहिलेल्या क्यूटीत याच नियमाचा एक प्रसिद्ध सापळा आहे. एकाच फंक्शनमध्ये आधी बटण, नंतर खिडकी असे स्थानिक ऑब्जेक्ट केले आणि खिडकीला बटणाचा पालक ठरवले, तर फंक्शन संपताना भाषेच्या नियमाप्रमाणे ते उलट्या क्रमाने मोडतात. खिडकी आधी जाते आणि जाताना बटणालाही मोडते. मग भाषा तेच बटण पुन्हा मोडायला जाते आणि प्रोग्राम कोसळण्याची वेळ येते. दोन ओळींची अदलाबदल केली की सगळे ठीक चालते, कारण आधी मोडणारे बटण पालकाच्या यादीतून स्वतःचे नाव काढून घेते.

एकापेक्षा जास्त झाडे

संवादखिडकी, मेनू आणि टूलटिप हे घटक पालकाच्या हद्दीत मावत नाहीत, तरी कोणाचे तरी असतात. विंडोजने त्यासाठी पालकाहून वेगळे असे मालकाचे नाते ठेवले आहे. मालकीची खिडकी मालकाच्या हद्दीत कापली जात नाही, पण नेहमी त्याच्या वर राहते, तो मिनिमाइझ झाला की दडते आणि तो नष्ट झाला की जाते. डब्ल्यूपीएफने तर एकाच इंटरफेसची तार्किक आणि दृश्य अशी दोन झाडे मानली.

सप्टेंबर 2017 च्या रिॲक्ट 16 मधले पोर्टल याच जातीचे आहे. एखाद्या कार्डाने उघडलेली संवादखिडकी पोर्टलने पानाच्या मुळाशी नेऊन बसवता येते. चित्राच्या दृष्टीने ती कार्डाबाहेर, पण रिॲक्टच्या झाडात कार्डाच्या आतच. म्हणून संवादखिडकीत कुठेही क्लिक केले तरी कार्डाचा क्लिक-श्रोता जागा होतो. कोडकडे पाहिले तर हे रास्त आहे, डॉमकडे पाहिले तर अनाकलनीय. टॅब की मात्र डॉमच्या क्रमाने चालते, रिॲक्टच्या झाडाची तिला खबर नसते. त्यामुळे उघडताना फोकस, म्हणजे कीबोर्डचे लक्ष्य, संवादखिडकीत न्यावा लागतो आणि मिटताना ज्या बटणाने ती उघडली त्याच्याकडे परत आणावा लागतो. एचटीएमएलचा डायलॉग घटक मोडल म्हणून, म्हणजे मिटेपर्यंत बाकीचे पान अडवून ठेवणारा असा, उघडला तर तो डॉममधली जागा न सोडता सर्वांत वरच्या थरात दिसतो आणि आधीचा फोकस लक्षात ठेवून मिटताना परत देतो. हाताने बांधलेल्या संवादखिडकीत ही नोंद प्रोग्रामरलाच ठेवावी लागते.