झाकण लावून घेतलेला फोटो

दुर्बिणीला झाकण लावलं, कॅमेऱ्याचं शटर मिटलं आणि दहा मिनिटांचं एक्सपोजर दिलं, तरी सीसीडी (प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चिप) कॅमेऱ्याचा फोटो पूर्ण काळा येत नाही. त्यावर बारीक करडी रवाळ छटा असते आणि ताऱ्यांसारखे चमकणारे असंख्य ठिपके. यालाच डार्क फ्रेम म्हणतात.

प्रकाशाचा कण सिलिकॉनवर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि पिक्सेलमध्ये साठतो. एक्सपोजर संपलं की हे इलेक्ट्रॉन मोजले जातात. पण सिलिकॉनमधल्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि कोणता ताऱ्यामुळे आला, कोणता उष्णतेमुळे, हे पिक्सेलला कळायला मार्ग नाही. चिपचं तापमान साधारण ६ अंश सेल्सिअसने वाढलं की ही गळती दुप्पट होते. उलट २० अंशांवरून उणे १० पर्यंत थंड केलं, तर ती सुमारे ३२ पटींनी कमी होते. म्हणून खगोलशास्त्राचे कॅमेरे थंड ठेवतात. तरीही स्फटिकरचनेत दोष असलेले काही पिक्सेल इतरांपेक्षा कितीतरी जास्त गळतात. चमकणारे ठिपके ते हेच, हॉट पिक्सेल.

उपाय सरळ वाटतो: आकाशाच्या फोटोतून त्याच तापमानाची, तेवढ्याच वेळाची डार्क फ्रेम वजा करायची. मात्र एखाद्या पिक्सेलमध्ये दहा मिनिटांत सरासरी १०० इलेक्ट्रॉन गळत असतील, तर एकदा ९३ मिळतील, पुढच्या वेळी १०८. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे इथे १० च्या आसपास असतो. वजाबाकीने १०० चा ठसा जातो, पण दोन्ही फोटोंतले चढउतार एकमेकांत मिसळून वाढतात. १६ डार्क फ्रेमची सरासरी घेतली तर वजा होणाऱ्या फ्रेममधला चढउतार चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यासाठी दहा-दहा मिनिटांच्या १६ फ्रेम, म्हणजे २ तास ४० मिनिटं निव्वळ अंधार टिपण्यात जातात. वेगळं तापमान किंवा वेगळं एक्सपोजर हवं असेल, तर पुन्हा तेवढीच.

इथे डार्क फ्रेम गणिताने तयार करण्याची कल्पना कामी येते. तापमान कायम ठेवून वेगवेगळ्या वेळांच्या डार्क फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येक पिक्सेलसाठी वेळ आणि इलेक्ट्रॉनसंख्या यांचा आलेख काढायचा. बहुतेक पिक्सेल सरळ रेषा देतात. शून्य वेळेला रेषा जिथे असते तो कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचा ठरावीक पाया, म्हणजे बायस, आणि रेषेचा चढ म्हणजे गळतीचा वेग. लाखो पिक्सेलसाठी हे दोन आकडे जपून ठेवले की त्या तापमानाला २३७ सेकंदांची डार्क फ्रेमही हिशेबाने मिळते. तापमानही बदलतं ठेवायचं असेल तर काम अवघड होतं, कारण हॉट पिक्सेल आणि साधे पिक्सेल तापमानाला सारखा प्रतिसाद देत नाहीत.

अशा बनवलेल्या फ्रेममध्ये खरी वाटावी म्हणून चढउतार घालायचे का? माझ्या मते प्रश्नाचा गाभा इथे आहे. फ्रेम वजा करायची असेल तर अजिबात घालू नयेत. घातलेला प्रत्येक चढउतार शेवटी आकाशाच्या फोटोत उतरतो आणि मंद दीर्घिकेच्या कडा खातो. वजा करायचा असतो तो फक्त ठसा.

हेतू प्रतिमा-प्रक्रियेचा प्रोग्रॅम तपासण्याचा असेल, तर मात्र चढउतार घातलेच पाहिजेत. तेव्हा बायसवर प्रत्येक पिक्सेलच्या गळतीची संख्या पॉइसाँ वितरणातून (सरासरीच्या वर्गमुळाएवढे चढउतार देणाऱ्या संख्याशास्त्रीय नियमातून) उचलायची, वर रीडआउटचा नॉइज, म्हणजे इलेक्ट्रॉन मोजताना होणारी बारीक चूक, मिसळायचा, थोडे हॉट पिक्सेल विखरायचे आणि वैश्विक किरणांचे (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचे) दोन-चार ओरखडेही ओढायचे. अशी फ्रेम कृत्रिम ताऱ्यांच्या चित्रात मिळवायची आणि ते चित्र प्रोग्रॅमकडे द्यायचं. खऱ्या आकाशात तारा नेमका किती तेजस्वी होता ते आधी ठाऊक नसतं. इथे ते आपणच ठरवलेलं असतं, त्यामुळे प्रोग्रॅम कुठे आणि किती चुकला ते आकड्यांत दिसतं. मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

पण चिप बदलत राहते. हबल दुर्बिणीच्या सीसीडींवर अवकाशातल्या प्रारणामुळे सतत नवे हॉट पिक्सेल तयार होतात. म्हणून त्या चिप ठरावीक काळाने उबदार केल्या जातात, आणि त्यातले बरेच पिक्सेल पुन्हा ताळ्यावर येतात. काही पिक्सेल त्याहून विचित्र: ते मध्येच एका पातळीवरून दुसरीवर उडी मारतात आणि केव्हातरी परत येतात. त्यांना सरळ रेषा लागू पडत नाही. त्यांची वेगळी यादी करतात आणि दुर्बीण प्रत्येक फोटोआधी किंचित सरकवतात, म्हणजे आकाशाचा तोच ठिपका पुढच्या फोटोत एखाद्या चांगल्या पिक्सेलवर पडतो.