ग्रीन लेन (इंग्लंड व वेल्स)

इंग्लंड आणि वेल्स यांच्या ग्रामीण भागांतील डांबर न पडलेल्या, बहुधा दोन्ही बाजूंना झुडपांचे कुंपण किंवा रचीव दगडांचा गडगा असलेल्या जुन्या वाटांना ढोबळमानाने ‘ग्रीन लेन’ म्हणतात. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर चटकन उभी राहील अशी तिची प्रतिमा म्हणजे आपल्याकडील पाणंद. हा शब्द कायद्यातला नाही, बोलण्यातला आहे. त्यामुळे एखाद्या वाटेला गावात ग्रीन लेन म्हणतात, एवढ्यावरून तिच्यावर मोटार नेण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही. अशा वाटांपैकी ज्यांवर मोटारींची वहिवाट कायद्याने शाबूत आहे, तेवढ्या शोधून काढून त्यांवरून चारचाकी किंवा मोटारसायकल चालविणे याला ‘ग्रीन लेनिंग’ असे नाव पडले आहे. या छंदात चिखलातून गाडी बाहेर काढण्याच्या कौशल्यापेक्षा नकाशे आणि दप्तरे वाचण्याचे कौशल्य अधिक कामी येते, कारण वाटेचा हक्क जमिनीवर दिसत नाही, तो कागदावर असतो.

इंग्लंडच्या रूढ कायद्यानुसार एकदा सार्वजनिक झालेला रस्ता कायम सार्वजनिक राहतो. त्यावर गवत वाढले, शेजारून नवा रस्ता निघाला किंवा पन्नास वर्षांत कोणी तिकडे फिरकले नाही, तरी रीतसर आदेशाने किंवा कायद्याने काढून घेतल्याखेरीज लोकांचा हक्क बुडत नाही. ज्या वाटेवरून पूर्वी घोडागाड्या आणि मालाचे छकडे सार्वजनिक हक्काने जात, तिच्यावरचा हक्क ‘वाहनांचा’ हक्क मानला गेला आणि मोटारी आल्यावर त्यांनाही तो आपोआप लागू झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डांबरीकरण झाले तेव्हा दोन गावांना जोडणाऱ्या तीन जुन्या रस्त्यांपैकी सोयीच्या एकाच रस्त्यावर डांबर पडले आणि बाकीचे दोन तसेच मातीचे, खडीचे राहिले. आजच्या ग्रीन लेनपैकी बऱ्याचशा वाटा अशा मागे राहून गेलेल्या आहेत.

या वाटांची रीतसर नोंद १९४९च्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रवेश कायद्याने सुरू झाली. प्रत्येक काउंटी कौन्सिलने, म्हणजे साधारणपणे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेने, आपल्या हद्दीतील सार्वजनिक वाटांचा ‘डेफिनिटिव्ह मॅप’, म्हणजे पुराव्याच्या दृष्टीने निर्णायक ठरणारा अधिकृत वाटनकाशा, आणि त्याच्या जोडीला वर्णनपत्र तयार करावे, असे या कायद्याने ठरविले. पायवाट (फुटपाथ), घोडेवाट (ब्रायडलवे) आणि ‘सार्वजनिक वाट म्हणून वापरला जाणारा रस्ता’ असे तीन वर्ग त्यात होते. प्राथमिक पाहणीचे काम पॅरिश पातळीवर, म्हणजे गावोगावच्या माणसांनी केले. पॅरिश म्हणजे साधारणपणे आपली ग्रामपंचायत. एका पॅरिशने जी वाट रस्ता म्हणून नोंदविली तीच वाट शिवेपलीकडच्या पॅरिशने घोडेवाट म्हणून नोंदविली, असे त्या काळी सर्रास घडले. त्याचा परिणाम आजही भोगावा लागतो. एकाच रुंदीची, एकाच मातीची, त्याच कुंपणातून सरळ पुढे जाणारी वाट मध्येच, कोणतीही खूण नसलेल्या शिवेवर, मोटारीपुरती संपते. तिथून पुढे गाडी नेणे गुन्हा ठरतो आणि वळवायला जागा नसेल तर आल्या चाकोरीने उलटी गाडी मागे घ्यावी लागते.

तिसरा वर्ग मुळातच संदिग्ध होता. त्या वाटांवर वाहनांना हक्क आहे की नाही, हे त्याच्या नावावरून कळतच नसे. त्या वाटांची फेरवर्गवारी १९६८च्या कायद्याने सुरू केली आणि त्या निमित्ताने ‘सर्व वाहतुकीस खुला बायवे’ हा वर्ग अस्तित्वात आला. १९८१च्या वन्यजीव व ग्रामीण क्षेत्र कायद्याने त्याची व्याख्या पक्की केली. ज्या रस्त्यावर लोकांना वाहनांसह सर्व प्रकारच्या वाहतुकीचा हक्क आहे, परंतु ज्याचा वापर मुख्यतः पायवाटेसारखा किंवा घोडेवाटेसारखा होतो, तो बायवे. याचाच अर्थ असा की मोटारचालक तिथे कायद्याने हक्कदार असला, तरी व्यवहारात तो पादचाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या वाटेवरचा पाहुणा असतो. फेरवर्गवारी न झालेल्या उरलेल्या वाटांचे २००० सालच्या कायद्यानुसार २००६मध्ये सरसकट ‘रिस्ट्रिक्टेड बायवे’ झाले. या वाटांवर चालता येते, घोडा, सायकल आणि घोडागाडी नेता येते. मोटार नेता येत नाही.

सर्वांत मोठा बदल २००६च्या नैसर्गिक पर्यावरण व ग्रामीण समाज कायद्याने झाला. घोडागाडीच्या जुन्या वापरावरून आजच्या मोटारीचा हक्क सिद्ध करण्याची परंपरागत वाट त्याने जवळजवळ बंद केली. इंग्लंडमध्ये २ मे २००६ रोजी आणि वेल्समध्ये १६ नोव्हेंबर २००६ रोजी, वाटनकाशात मोटारींसाठी नोंदले न गेलेले हक्क एका फटक्यात संपुष्टात आले. काही अपवाद मात्र ठेवले गेले. आधीच्या पाच वर्षांत ज्या वाटेचा कायदेशीर वापर मुख्यतः मोटारींचाच होता ती वाट, जी वाटनकाशात नाही परंतु सरकारी खर्चाने राखल्या जाणाऱ्या रस्त्यांच्या यादीत आहे ती वाट, १ डिसेंबर १९३०पूर्वीच्या मोटारवापरातून जिच्यावरचा हक्क निर्माण झाला ती वाट, तसेच इंग्लंडपुरते २० जानेवारी २००५पूर्वी जिच्या नोंदीसाठी रीतसर अर्ज दाखल झाला होता ती वाट, हे त्यांतील महत्त्वाचे अपवाद होत.

शेवटच्या अपवादातील ‘रीतसर’ या शब्दावर वर्षानुवर्षे कज्जे चालले. २००८मध्ये विंचेस्टर कॉलेज आणि हॅम्पशर काउंटी कौन्सिल यांच्या खटल्यात अपील न्यायालयाने असे ठरविले की ज्या कागदपत्रांचा आधार घेतला त्यांच्या प्रती सोबत जोडलेल्या नसतील, तर तो अर्ज कायद्याच्या दृष्टीने अर्जच नव्हे. पुढे डॉर्सेट काउंटीतील अर्जांबाबत प्रश्न आला तो जोडलेल्या नकाशाच्या प्रमाणाचा. संगणकावर मोठा करून १:२५,००० प्रमाणात छापलेला नकाशा चालतो की मुळातच त्या प्रमाणाचा नकाशा हवा, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१५मध्ये तीन विरुद्ध दोन अशा निसटत्या बहुमताने तो नकाशा ग्राह्य धरला गेला. मातीच्या वाटांसाठी देशातील पाच वरिष्ठ न्यायाधीशांनी नकाशाच्या प्रमाणावर काथ्याकूट करावा, यात ज्याला गंमत वाटेल त्याने आपल्याकडील बांधाच्या भांडणांची मुदत आठवून पाहावी.

वाट शोधण्याची सुरुवात बहुतेक जण ऑर्डनन्स सर्व्हे या राष्ट्रीय नकाशासंस्थेच्या ‘एक्सप्लोरर’ मालिकेपासून करतात. तिचे प्रमाण १:२५,००० आहे, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर होतो. त्यामुळे शेताची कुंपणेही स्पष्ट दिसतात. या नकाशावर हिरव्या आखूड तुटक रेषा पायवाटेच्या, लांब तुटक रेषा घोडेवाटेच्या आणि हिरव्या अधिकच्या (+) चिन्हांची माळ बायवेची असते. रेषेच्या आळीपाळीने दोन्ही अंगांना आखूड काड्या असतील तर तो रिस्ट्रिक्टेड बायवे होय. नवशिका इथेच फसतो, कारण घडीवर झिजलेल्या नकाशावर या शेवटच्या दोन खुणा एकमेकींसारख्या दिसू लागतात. हिरव्या ठिपक्यांची रांग ‘सार्वजनिक प्रवेश असलेले इतर मार्ग’ दाखविते. त्यांवर नेमका कोणता हक्क आहे हे स्थानिक महामार्ग प्राधिकरणाकडे विचारावे, असे सूचीतच सांगितलेले असते. एखादी वाट नकाशावर नुसती काढलेली आहे, हा वहिवाटीचा पुरावा नव्हे, अशी तंबीही तिथेच छापलेली असते. महाराष्ट्रातील गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवितात, त्याच जातीची ही खूणभाषा आहे. एक फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडे शेतरस्त्याचा वाद तहसीलदारापुढे जातो तो मुख्यतः शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात बैलगाडी किंवा ट्रॅक्टर नेता यावा म्हणून, आणि १९६६च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ त्याच गरजेसाठी आहे. इंग्लंडमधील बायवेवर परगावच्या माणसालाही, केवळ हौसेखातर, तितकाच हक्क असतो.

छापील नकाशा ही पहिली पायरी झाली. तो छापल्यानंतर वाटेचा वर्ग बदललेला असू शकतो, म्हणून कौन्सिलच्या कार्यालयातील किंवा संकेतस्थळावरील अधिकृत वाटनकाशा पाहावा लागतो. हिरव्या ठिपक्यांच्या वाटांसाठी १९८०च्या महामार्ग कायद्याप्रमाणे ठेवलेली रस्त्यांची यादी तपासावी लागते. अशा यादीतल्या कच्च्या वाटांना चालक मंडळी ‘यूसीआर’, म्हणजे अवर्गीकृत काउंटी रस्ते, म्हणतात. ही यादी रस्ता कोणाच्या खर्चाने राखायचा एवढेच सांगते. त्यावर मोटारीचा हक्क आहेच असे तिच्यावरून सिद्ध होत नाही, आणि सगळ्यांत जास्त वाद याच वाटांचे होतात. प्रत्यक्ष जागेवर रस्त्याच्या तोंडाशी लाकडी खांब असतो आणि त्यावर बाणाची छोटी चकती ठोकलेली असते. बाण पिवळा असेल तर पायवाट, निळा असेल तर घोडेवाट, जांभळा असेल तर रिस्ट्रिक्टेड बायवे आणि लाल असेल तर बायवे. चकती पडलेली, उपटलेली किंवा वेलींखाली दडलेली असणे नेहमीचेच. म्हणून जाणते लोक ती नकाशाला दुजोरा म्हणून पाहतात, नकाशाऐवजी नाही.

ज्यांना नोंद नसलेल्या वाटेचा मूळ हक्क शोधायचा असतो ते अभिलेखागारात बसतात. सामाईक जमिनींच्या वाटणीचे निवाडे, १८३६च्या कायद्यानंतर चर्चच्या दशमांशकरासाठी झालेले गावनकाशे आणि १९१०च्या वित्त कायद्यासाठी केलेल्या जमीन मूल्यांकनाचे नकाशे हे त्यांचे नेहमीचे साधन. यांपैकी शेवटच्या नकाशांची रचना मोठी बोलकी आहे. करपात्र मालमत्तेचा प्रत्येक तुकडा रंगाने वेढलेला असे आणि सार्वजनिक रस्ता कोणाच्याच मालकीच्या करात धरला जात नसल्याने तो रंगीत तुकड्यांच्या मधोमध पांढरा राही. तत्कालीन अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या अर्थसंकल्पातील हा कर फार काळ टिकला नाही, पण त्याच्यासाठी काढलेल्या नकाशांतील पांढरे पट्टे शंभर वर्षांनंतरही चौकशी अधिकाऱ्यांपुढे मांडले जातात.

इंग्लंडमधील नोंदलेल्या सार्वजनिक वाटांची एकूण लांबी सुमारे १,८८,००० किलोमीटर भरते आणि त्यात बायवेंचा वाटा जेमतेम दोन टक्के आहे. त्यांची वाटणीही सारखी नाही, कारण फेरवर्गवारीच्या वेळी प्रत्येक काउंटीने आपापल्या कलाने निर्णय घेतले. विल्टशरमध्ये बायवे विपुल आहेत. तिथल्या सॉल्झबरी पठारावरील काही बायवे लष्कराच्या सराव क्षेत्रातून जातात, आणि लाल निशाण लावलेले असेल तेव्हा हक्क असूनही आत जाता येत नाही.

हक्क असूनही वाट बंद असण्याचे अधिक सामान्य कारण म्हणजे वाहतूक नियमन आदेश. १९८४च्या कायद्याखाली प्राधिकरणाला एखाद्या वाटेवर मोटारींना कायमची, ठरावीक ऋतूपुरती किंवा ठरावीक रुंदीहून मोठ्या वाहनांपुरती बंदी घालता येते. २००६च्या कायद्याने हा अधिकार राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणांनाही दिला. एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत सुमारे १४० किलोमीटर जाणारी रिजवे ही प्राचीन वाट १९७३मध्ये राष्ट्रीय पदभ्रमण मार्ग झाली. तिच्या पश्चिम भागात बायवेचे पट्टे आहेत आणि तिथे हिवाळी महिन्यांत मोटारींना बंदी असते, कारण खडूच्या जमिनीवरची ओली माती चाकांखाली लोण्यासारखी सरकते आणि एकदा खोल गेलेली चाकोरी उन्हाळ्यात तशीच वाळून घट्ट होते. पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानात चॅपल गेट आणि स्टॅनेजच्या कड्याजवळील लाँग कॉजवे या वाटा मोटारींना बंद झाल्या. याउलट लेक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानातील लिटल लँगडेल भागातल्या दोन वाटांवर पूर्ण बंदी घालण्यास तेथील प्राधिकरणाने २०१९मध्ये नकार दिला आणि पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला.

बायवे हा कायद्याने रस्ताच असल्यामुळे तिथे गाडीचा कर, विमा, वार्षिक तपासणी, क्रमांकाची पाटी आणि चालकाचा परवाना हे सारे डांबरी रस्त्याइतकेच लागते. १९८८च्या वाहतूक कायद्याच्या कलम ३४नुसार पायवाट, घोडेवाट, रिस्ट्रिक्टेड बायवे किंवा माळरानावर परवानगीविना मोटार चालविणे हा गुन्हा आहे, आणि समज देऊनही बेजबाबदारपणे गाडी चालविणाऱ्याची गाडी पोलीस जप्त करू शकतात. चालकांच्या संघटनांची आचारसंहिता याहून तपशिलात जाते. चार गाड्यांहून मोठा ताफा करू नये, वेग ताशी १२ मैलांच्या आत ठेवावा, घोडा समोर आला तर थांबून इंजिन बंद करावे, फाटक जसे सापडले तसेच उघडे वा बंद सोडावे, डबके चुकविण्यासाठी कडेच्या गवतावर चाक घालू नये. यांतील शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण असते. एकाने डबक्याला वळसा घातला की दुसऱ्याला तीच वाट वाटते आणि हंगामाअखेर आठ फुटांची वाट वीस फुटांचा राडा होऊन बसते.

मोटारसायकलस्वारांची ट्रेल रायडर्स फेलोशिप १९७०मध्ये स्थापन झाली. चारचाकीवाल्यांमध्ये ग्रीन लेन असोसिएशन प्रमुख असून ‘ट्रेलवाइज’ हा तिचा वाटांचा माहितीसंच नकाशाची जागा घेत नसला, तरी कोणती वाट तूर्त बंद आहे हे कळायला उपयोगी पडतो. या वाटांवर मोटारी नसाव्यात असे म्हणणाऱ्यांचीही संघटित बाजू आहे आणि तिच्यात पदयात्री, घोडेस्वार व स्थानिक रहिवासी आहेत. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद ऐकला तर असे दिसते की रुतलेल्या चाकोऱ्यांचा दोष हौशी चालकांवर जितका टाकला जातो तितका तो त्यांचा एकट्यांचा नसतो, कारण ट्रॅक्टर, लाकडाचे ट्रक आणि तुंबलेले गटार यांचाही त्यात वाटा असतो. मात्र शांत दरीत इंजिनाचा आवाज मैलभर जातो, ही तक्रार खोडून काढता येण्यासारखी नाही.

हे सर्व इंग्लंड आणि वेल्सपुरते आहे. स्कॉटलंडमध्ये असा अधिकृत वाटनकाशाच नाही. तेथील २००३च्या भूमी सुधारणा कायद्याने रानावनांत मोकळेपणी फिरण्याचा व्यापक हक्क दिला, पण त्यातून मोटारी वगळल्या आहेत.