अटलांटिकची 'सायकल' आणि घणसोलीची रिक्षाची लाइन

संध्याकाळी नवी मुंबईतल्या घणसोली स्टेशनबाहेर चहा पीत रिक्षाची लाइन बघत उभं राहा. लाइन वाढते, हळूहळू ओसरते, परत वाढते. ट्रेन हा प्रकारच ज्याला माहीत नाही त्याला वाटेल की या लाइनला स्वतःचीच काहीतरी लय आहे. आपल्याला माहितीये की ठाण्याहून लोकल येते आणि माणसं ओतून जाते, बाकी काही नाही.

अटलांटिक महासागरावरून शास्त्रज्ञांत साधारण असाच वाद आहे. उत्तर अटलांटिकचं पाणी काही दशकं जरा गरम, मग काही दशकं जरा थंड, असा ५० ते ७० वर्षांचा फेरा दिसतो, त्याला अटलांटिक मल्टिडिकेडल ऑसिलेशन म्हणतात, थोडक्यात एएमओ. अमेरिकेकडची हरिकेन्स, आफ्रिकेतल्या साहेलचा पाऊस, अगदी आपला मान्सूनसुद्धा लोक त्याच्याशी जोडतात. हे नाव २००० साली दिलं हवामानशास्त्रज्ञ मायकल मॅन यांनी. आणि २०२१ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात पेपर लिहून मॅन आणि सहकाऱ्यांनीच सांगितलं की समुद्राची अशी आपली आपली सायकल नाहीच, कारखान्यांच्या आधीच्या काळात जी दिसते ती ज्वालामुखींची करामत आहे. म्हणजे ज्याने बारसं केलं तोच म्हणतोय की मूल झालंच नव्हतं!

आता ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला राख आठवते, पण राख लवकर खाली बसते, खरा उद्योग करतो तो सल्फर डायऑक्साइड. मोठा स्फोट झाला की तो थेट स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात जातो, तिथे त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि तिथे पाऊस पडत नसल्याने धुवून निघत नाहीत, वर्ष-दोन वर्षं ऊन अडवत बसतात. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपाइन्सचा पिनाटुबो फुटला तेव्हा दीड-दोन कोटी टन गॅस वर गेला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान साधारण अर्धा अंश उतरलं. (आपल्या पारसिकचा डोंगर पण ज्वालामुखीचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण तो भेगांमधून वाहत आलेला लाव्हा, ती स्टोरी वेगळी.)

मग दोन वर्षांच्या पडद्याचे पन्नास वर्षांचे फेरे कसे होतील? इथे पाणी मध्ये येतं. मे महिन्यात रात्री दहाला नळ सोडला तरी टेरेसवरच्या टाकीचं पाणी गरमच येतं ना, तसंच समुद्राचं, फक्त टाकी प्रचंड आहे आणि वरचा थंडावा हळूहळू खोल उतरतो आणि तिथे मुरतो. १८८३ मध्ये फुटलेल्या इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा थंडावा समुद्रात कित्येक दशकं, विसाव्या शतकातही टिकून राहिला असं कॉम्प्युटर मॉडेल्स दाखवतात. लाइन ओसरायच्या आत पुढची ट्रेन, तसलाच प्रकार. १८०९ चा एक स्फोट (नक्की कुठे झाला ते अजून सापडलेलं नाही), मग १८१५ चा इंडोनेशियातला तांबोरा, ज्याच्यामुळे १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही, मग १८३५ मध्ये निकाराग्वाचा कोसिग्विना.

मॅन यांच्या टीमने गेल्या हजार वर्षांची मॉडेल्स तपासली. ज्वालामुखी धरले की ५०-७० वर्षांचा फेरा दिसतो, काढून टाकले की तसा ठळक फेरा उरत नाही. स्फोटांमधली अंतरं योगायोगाने तशी पडली, इतकंच. मला हे पटतं, पण सगळ्यांना पटलेलं नाही. अटलांटिकमधला उत्तरेकडे गरम पाणी नेणारा मोठा प्रवाह आपणहून मंद-जलद होतो आणि फेरा त्यातूनच येतो असं म्हणणारेही बरेच आहेत, आणि मॉडेल्सना तो प्रवाह नीट पकडता येत नसेल हा त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. गेल्या शतकात तर कारखान्यांचा धूर आणि कार्बन डायऑक्साइड यांनी अजूनच खिचडी केलीय.

भांडणाला कारण आहे. फेरा समुद्राचा स्वतःचा असेल तर पुढची थंड दशकं कधी ते आधी सांगता येईल, ज्वालामुखींचा असेल तर नाही, कारण त्यांना टाइमटेबल नाही. आणि थर्मामीटरने मोजलेल्या नोंदी जेमतेम दीड-पावणेदोनशे वर्षांच्या, म्हणजे फेरे दोन, फार तर तीन. घणसोलीला दोन ट्रेन बघून कोणी टाइमटेबल लिहायला बसेल का!