पर्जन्यवृक्षावरची ‘पांढरी बुरशी’ बुरशी नव्हेच

‘रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षांना पांढरी बुरशी लागलीय, तोडून टाका’ असा मेसेज मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये अधूनमधून फिरतो. ती बुरशी नाही, कीड आहे: पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. काडीने खरवडून पाहा, मेणचट कापसाखाली मऊ किडा सापडेल. तो झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते (खरी बुरशी ती!), आणि त्याच्या लोभाने आलेल्या मुंग्या किडीची राखणही करतात. बुंध्याला काँक्रीटने आवळलं की तहानलेलं झाड लवकर बळी पडतं. कोरड्या उन्हाळ्यात कीड फोफावते, धो धो पावसात बरीचशी धुऊन जाते. त्यामुळे आधी बुंध्याभोवतीची माती मोकळी करा. पिठ्या ढेकूण खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरेही सोडता येतात.